कुत्र्याला शिकवायचे तर काय घ्यावे, काय घेऊ नये?



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा रेशनकार्ड, शाळाप्रवेश, भविष्यनिर्वाह निधी असे विषय असतात. या खेपेला एका भगिनीने निराळाच प्रश्न विचारला आहे. ही भगिनी चार घरची धुणीभांडी करते. तिचे पती टेम्पोवर माल भरण्याच्या कामावर आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या मुलाने नाल्याकाठी सापडलेले पिल्लू घरी आणले. आता तो चांगला मोठा, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा झाला आहे. नाव मोती. स्वभावाने गरीब, पण दारात कोणीही आले की अंगावर उडी मारतो आणि रस्त्यावर नेले की मुलाला फरफटत ओढतो. महिन्यापूर्वी त्याच्या उडीने शेजारची लहान मुलगी पडली आणि तिचे कोपर सोलवटले. चाळीतल्या लोकांनी बैठक घेऊन बजावले, ‘बंदोबस्त करा, नाहीतर कुत्रा कुठेतरी सोडून या.’

पतीने दुकानात चौकशी केली. दुकानदाराने तीन वस्तू काढून ठेवल्या. ओढले की गळा आवळणारी साखळी, बांधून ठेवायला जाड लोखंडी साखळी आणि एक छडी. किंमत त्या घराच्या दोन दिवसांच्या कमाईइतकी. भगिनी विचारते, ‘भाऊ, हे घ्यावे का? आणि हे नाही घेतले तर दुसरे काय घ्यावे?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. या तीनपैकी एकही वस्तू घेऊ नये. परंतु ‘घेऊ नका’ एवढे सांगून मोतीचे घर वाचणार नाही आणि शेजारच्या मुलीचे कोपरही वाचणार नाही. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचा आज आपण सविस्तर विचार करू.

कुत्रा शिकतो कसा?

कोणतेही साधन घेण्यापूर्वी ते कशासाठी हवे, हे कळले पाहिजे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेल्या मांजराला पिंजऱ्यात ठेवायचे आणि खाणे बाहेर ठेवायचे. धडपडीत कधीतरी मांजराकडून कडी निघे आणि ते बाहेर येऊन खाई. असे पुन्हा पुन्हा केल्यावर मांजर लवकर लवकर कडी काढू लागे. ज्या कृतीनंतर फायदा होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा त्यातून निघालेला नियम. पुढे बी. एफ. स्किनर यांनी हाच अभ्यास फार खोलवर नेला. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या पतीपत्नींनी १९४० नंतरच्या काळात प्रयोगशाळेतील हे ज्ञान बाहेर आणून कोंबडीपासून कुत्र्यापर्यंत अनेक प्राण्यांना शिकवले.

या पद्धतीची खरी परीक्षा डॉल्फिनसारख्या जलचरांनी घेतली असे म्हणता येईल. हवाई बेटांवर कॅरन प्रायर या बाई डॉल्फिनना शिकवीत असत. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही आणि मारताही येत नाही. तो रागावला तर सरळ तळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. म्हणून तिथे एकच मार्ग होता. हवी ती कृती झाली की त्याच क्षणी शिट्टी वाजवायची आणि मासळी द्यायची. प्रायरबाईंनी १९८४ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि ही पद्धत कुत्रे पाळणाऱ्या सामान्य लोकांपर्यंत पोहोचली.

आता मोतीकडे पाहू. तो पाहुण्यावर उडी मारतो तेव्हा काय होते? लोक ओरडतात, हात लावतात, ढकलतात. त्याच्या लेखी ही सगळी मौजच असते. तो ओढतो तेव्हा मुलगा त्याच्या मागे धावतो, म्हणजे ओढल्याने पाहिजे तिथे जायला मिळते. तेव्हा उडी आणि ओढ यांचा पगार आपणच त्याला रोज देत आहोत. हा पगार बंद करायचा आणि शांत उभे राहण्याचा, बसण्याचा, सैल दोरीने चालण्याचा पगार सुरू करायचा, एवढेच काम आहे. आपण जे साधन घेऊ ते या कामाला मदत करते की नाही, हीच त्याची कसोटी.

काही बंधू म्हणतील, ‘खाऊ देऊन ऐकवणे म्हणजे लाच झाली.’ दिवसभर हमाली करून संध्याकाळी हातात पडणाऱ्या मजुरीला आपण लाच म्हणतो काय? काम न करता किंवा कामाआधी गुपचूप दिली जाते ती लाच. काम झाल्यावर चोख मिळते ती मजुरी. कुत्र्याला खाऊ दाखवून गयावया करायची नाही. त्याने काम केले की मग द्यायचा, एवढा फरक सांभाळला म्हणजे झाले.

खाऊ : पहिले साधन स्वयंपाकघरात

दुकानात रंगीत पाकिटांत बिस्किटे आणि हाडांच्या आकाराचे खाऊ मिळतात. ते घेण्याची गरज नाही. खाऊ मऊ असावा, वास येणारा असावा आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा लहान असावा. मोठा तुकडा दिला तर कुत्रा चावत बसतो आणि आपण काय शिकवत होतो ते विसरतो. मिठाशिवाय उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, उकडलेले अंडे, उकडलेले रताळे, गाजर, पनीरचा कण, भाकरीचा तुकडा, हे सगळे चालते. घरात, शांत वेळी भाकरीवर काम भागते. रस्त्यावर जिथे दुसरी कुत्री, मांजरे, रिक्षा असतात तिथे काम अवघड असते. तिथे मजुरीही चढी पाहिजे, म्हणजे कोंबडी किंवा अंडे.

‘माणसांनाच पुरत नाही, तिथे कुत्र्याला अंडे कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. एका अंड्याचे पन्नासच्या वर कण होतात आणि ते दोन दिवस पुरतात. शिवाय हा खाऊ जादा द्यायचा नसून त्याच्या रोजच्या खाण्यातून वजा करायचा आहे. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा वरचा खाऊ जास्त असू नये. त्याची रोजची भाकरीच थोडी थोडी करून शिकवताना दिली तर वेगळा खर्च राहत नाही.

काही पदार्थ मात्र चुकूनही देऊ नयेत. चॉकलेट विषारी आहे. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात, म्हणून कालवणातला रस्सा नको. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक आहेत. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगगम किंवा गोळ्या तर फारच धोक्याच्या. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात. रविवारच्या मटणाची हाडे कुत्र्याला टाकण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मोडली पाहिजे.

खाऊची पिशवी

हवी ती कृती झाल्यावर सेकंद-दीड सेकंदात खाऊ मिळाला तरच कुत्र्याला त्याचा संबंध कळतो. डबा शोधण्यात, पिशवीची गाठ सोडण्यात वेळ गेला तर तोवर तो उठून उडी मारतो आणि मजुरी उडीला मिळते. म्हणून पिशवी कमरेला हवी. दुकानात यासाठी खास पिशव्या विकतात, पण बाजारात बसणाऱ्या आपल्या भाजीवाल्या भगिनी कमरेला सुट्या पैशांची पिशवी खोचतात, तशीच ही. उरलेल्या कापडाची, रुंद तोंडाची, रोज धुता येईल अशी पिशवी घरच्या मशीनवर अर्ध्या तासात होते. प्लॅस्टिकची पिशवी नको. तिचा कुरकुर आवाज झाला की कुत्र्याचे सगळे लक्ष पिशवीकडे जाते.

खुणेचा आवाज

कुत्रा चार पावलांवर असताना आपण प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाशी पोहोचूच असे नाही. म्हणून ‘बरोबर केलेस, मजुरी येते आहे’ असे सांगणारा एक छोटा आवाज लागतो. डॉल्फिनसाठी शिट्टी होती, कुत्र्यासाठी क्लिकर नावाची डबीसारखी छोटी वस्तू मिळते. दाबली की ‘टिक’ असा आवाज येतो. ती स्वस्त आहे, पण नसली तरी अडत नाही. दाबून उघडणाऱ्या पेनचा टिक आवाजही चालतो. नाहीतर एक छोटा शब्द ठरवावा. ‘शाब्बास’ हा शब्द आपण घरात मुलांनाही म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. ‘हां!’ किंवा ‘टिक!’ असा एकच, तुटक शब्द घ्यावा आणि घरातील सर्वांनी तोच वापरावा.

आवाजाचे नियम तीनच. आवाज केला की खाऊ दिलाच पाहिजे, चुकून झाला तरी दिला पाहिजे, नाहीतर आवाजाची पत जाते. आवाज कृती होत असतानाच व्हावा. आणि कुत्र्याला बोलावण्यासाठी हा आवाज वापरू नये. क्लिकर त्याच्या कानाशी धरू नये. कुत्रा दचकत असेल तर तो खिशात ठेवून किंवा रुमालात गुंडाळून दाबावा, किंवा सरळ शब्दच वापरावा.

गळ्याचा पट्टा

पट्टा सपाट, बक्कल असलेला, नायलॉनचा, सुती किंवा चामड्याचा घ्यावा. पंधरा-वीस किलोच्या कुत्र्याला इंचभर रुंदीचा पट्टा ठीक. फार अरुंद पट्टा गळ्यात रुततो. बांधल्यावर पट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटे आडवी गेली पाहिजेत. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासलाच पाहिजे. पिल्लू वाढते, पट्टा वाढत नाही, आणि तो कातडीत रुतून जखमा झाल्याची उदाहरणे पशुवैद्यांना नेहमी पाहावी लागतात. पट्ट्यावर आपला फोन नंबर पक्क्या शाईने लिहावा किंवा त्याचा बिल्ला लावावा. हरवलेला कुत्रा परत मिळण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. पट्टा ओळखीसाठी आहे, ओढण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.

छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस

ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यावर सगळा जोर येऊ नये म्हणून छातीभोवती बांधायचा हार्नेस असतो. मोतीसाठी पैसे खर्च करायचे तर ते इथे करावेत. समोरून पाहिले असता ज्याचे पट्टे इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसतात, तो चांगला. त्यात खांदे मोकळे राहतात आणि पाय पुढे टाकता येतो. छातीवर आडवा पट्टा येणारा प्रकार खांद्याची हालचाल अडवतो. शक्यतो दोन कड्या असलेला पाहावा, एक पाठीवर आणि एक छातीवर. छातीच्या कडीत दोरी अडकवली की ओढणारा कुत्रा आपोआप आपल्याकडे वळतो आणि लहान मुलालाही सांभाळता येतो.

माप शिंप्याच्या टेपने घरीच काढावे. पुढच्या पायांच्या मागे, छाती सर्वांत रुंद असते तिथला घेर, आणि मानेच्या बुंध्याचा घेर. ही दोन मापे कागदावर लिहून दुकानात जावे. जमल्यास कुत्र्यालाच न्यावे. बांधल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटे गेली पाहिजेत आणि काखेत काही घासता कामा नये. घरी दोन दिवस वापरून काखेतील केस पाहावेत. केस झडले किंवा कातडी लाल झाली तर माप चुकले. आपल्याकडील कारवान जातीच्या किंवा तशा अंगाच्या कुत्र्यांचे डोके निमुळते आणि छाती खोल असते. असा कुत्रा घाबरला की मागे सरकत पट्ट्यातून डोके काढून घेतो. त्याला नीट मापाचा हार्नेस लागतोच.

हार्नेस घातला म्हणजे कुत्रा शिकला असे मात्र नाही. हार्नेस गळा वाचवतो, शिकवायचे काम आपलेच.

दोरी

हातात धरायची दोरी सहा फुटांची, सपाट, हाताला न कापणारी असावी. घेताना हूक दहा वेळा उघडून-मिटून पाहावा, कारण दोरी तुटते ती बहुधा हुकाशी. डबीतून बाहेर येणारी आणि आत जाणारी लांब दोरी वाहनांच्या रस्त्यावर घेऊ नये. तिची बारीक दोरी हातापायाला कापते, आणि सतत ताणलेली राहत असल्याने ती कुत्र्याला ओढायलाच शिकवते.

मैदानात बोलावल्यावर परत येणे शिकवायला पंधरा ते तीस फुटांची लांब दोरी उपयोगी पडते. ती हार्नेसच्या पाठीवरील कडीलाच बांधावी, गळ्याच्या पट्ट्याला कधीही नाही. धावता कुत्रा दोरीच्या टोकाला आला की मानेला जबर हिसका बसतो.

चाळीत राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. गॅलरीत किंवा जिन्याजवळ कुत्र्याला बांधून जाऊ नये. त्याने कठड्यावरून उडी घेतली तर त्याच दोरीचा फास होतो.

गोधडीचा तुकडा

एका खोलीच्या संसारात सर्वांत कामाचे साधन कोणते म्हणाल, तर जुन्या गोधडीचा दोन-अडीच फुटांचा तुकडा. कुत्र्याने त्यावर पाय ठेवला की टिक आणि खाऊ. बसला की टिक आणि खाऊ. पडून राहिला की थोड्या थोड्या वेळाने खाऊ. आठ-दहा दिवसांत गोधडी अंथरली की तो आपणहून तिथे जाऊन बसतो. स्वयंपाक चालू आहे, मुले अभ्यास करीत आहेत, पाहुणे आले आहेत, अशा वेळी त्याची जागा ठरलेली असते. गोधडी गुंडाळून कुठेही नेता येते, दवाखान्यातसुद्धा.

मुसके

बैलाला घालतात तसे मुसके कुत्र्यासाठीही असते. दवाखान्यात सुई टोचताना किंवा जखम बांधताना गरीब कुत्राही चावू शकतो, म्हणून ते घालण्याची सवय असलेली बरी. ते टोपलीसारखे, आत तोंड उघडता येईल, पाणी पिता येईल असेच घ्यावे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम सुटत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. तोंड आवळून बंद करणारे कापडी मुसके आपल्या उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते. मुसक्याच्या तळाशी खाऊ ठेवून त्याला आपणहून तोंड आत घालू द्यावे, बंद घालण्याची घाई करू नये. भुंकणे थांबवण्यासाठी किंवा शिक्षा म्हणून मुसके घालू नये.

जे घेऊ नये ते का घेऊ नये?

आता दुकानदाराने काढलेल्या वस्तूंकडे येऊ. ‘चोक चेन घाला, एका झटक्यात सुधारतो,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आतल्या बाजूस काटे असलेले पट्टे मिळतात, विजेचा झटका देणारे पट्टेही मिळतात. वेदना झाली की कुत्रा क्षणभर थांबतो हे खरे आहे, आणि म्हणूनच माणूस फसतो. पण कुत्र्याच्या मनात काय जुळते ते पाहा. समोर शेजारची मुलगी आली, तो आनंदाने पुढे झाला, आणि गळ्याला फास बसला. चार वेळा असे झाले की ‘ही मुलगी आली की दुखते’ एवढेच तो शिकतो. आज उडी मारणारा कुत्रा उद्या तिच्यावर गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल पुन्हा मार बसला तर गुरगुरणे सोडतो आणि सूचना न देता चावतो. शेजारच्या मुलीच्या सुरक्षिततेसाठी घेतलेली साखळी तिलाच अधिक धोक्यात घालते.

हे नुसते दयेचे बोलणे नव्हे. पोर्तुगालमधील संशोधकांनी शिकवणी वर्गांतील ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून तो २०२० साली प्रसिद्ध केला. शिक्षेने शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे जास्त दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत ताणाशी संबंधित असलेल्या कॉर्टिसोलचे प्रमाणही अधिक वाढलेले आढळले. त्याच वर्षी इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की विजेच्या पट्ट्याने शिकवणे हे खाऊ देऊन शिकवण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरले नाही. वेल्समध्ये कुत्र्यामांजरांसाठी विजेचा पट्टा वापरण्यावर २०१० पासून बंदी आहे.

आपल्या देशातही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करणे हा गुन्हा आहे, तसेच अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. म्हणजे दुकानदार जे विकत होता, ते वापरल्यास गुन्हा घडण्याचा संभव होता. आणि दिवसभर बांधलेला कुत्रा सुटला की दुप्पट उड्या मारतो, हा अनुभव कोणालाही येईल.

जमाखर्च

आता खरेदीचा हिशेब मांडू.

सर्वांत आधी खर्च करायचा तो लसीवर. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ठरल्या वेळी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. लसीचे कार्ड रेशनकार्डाइतके जपून ठेवावे. लस न दिलेल्या कुत्र्याला महागडा हार्नेस घालण्यात काही अर्थ नाही.

विकत घ्यायच्या वस्तू तीन : सपाट पट्टा, दोन कड्यांचा हार्नेस आणि सहा फुटी दोरी. पैसे कमी असतील तर आधी हार्नेस आणि दोरी घ्यावी, फोन नंबर हार्नेसवर लिहावा, पट्टा पुढच्या पगाराला.

घरी करायच्या वस्तू चार : खाऊ, खाऊची पिशवी, आवाजाचा शब्द किंवा पेन, आणि गोधडीचा तुकडा.

गरज पडल्यावर घ्यायच्या दोन : लांब दोरी आणि टोपलीचे मुसके.

कधीही न घ्यायच्या : गळा आवळणारी साखळी, काटेरी पट्टा, विजेचा पट्टा, जड लोखंडी साखळी आणि छडी.

पंधरा दिवसांचा कार्यक्रम

पहिले दोन दिवस फक्त आवाजाची ओळख. टिक, खाऊ. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. टिक ऐकताच तो खाऊसाठी वळून पाहू लागला की काम झाले.

तिसऱ्या दिवसापासून गोधडी आणि बसणे. खाऊ नाकाजवळ धरून हळू वर न्यावा. डोके वर जाते, मागचे अंग खाली बसते, टेकताच टिक. पाच-सहा वेळा जमले की रिकाम्या हाताने तीच खूण करावी आणि खाऊ पिशवीतून द्यावा. ढुंगणावर दाबून बसवू नये. एका वेळी पाच मिनिटांहून जास्त शिकवू नये. कंटाळलेला कुत्रा शिकत नाही.

सातव्या दिवसापासून दोरी. आधी खोलीत, मग गॅलरीत, मग सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर. दोरी सैल असेपर्यंत चालायचे आणि मधून मधून टिक, खाऊ. दोरी ताणली की खांबासारखे उभे राहायचे. हिसका द्यायचा नाही, ओरडायचेही नाही. त्याने वळून पाहिले, दोरी सैल झाली की टिक, आणि पुन्हा चालायचे. पहिल्या दिवशी दहा पावलांना दहा मिनिटे लागतील. लागू द्यावीत. पण घरातील सर्वांनी हाच नियम पाळला पाहिजे. आईजवळ ओढून चालत नाही आणि मुलाजवळ चालते, असे झाले तर कुत्रा ओढणे सोडत नाही.

दहाव्या दिवसापासून पाहुणे. घरच्याच माणसाने बाहेर जाऊन दार वाजवावे. कुत्रा हार्नेस आणि दोरीवर, गोधडीवर. चारही पाय जमिनीवर असताना टिक, आणि खाऊ जमिनीवरच ठेवावा. उडी मारली तर पाहुण्याने पाठ फिरवून गप्प उभे राहावे. पाय टेकताच पुन्हा खाऊ. हे जमल्यावर शेजारच्या एखाद्या मोठ्या माणसाची मदत मागावी. शेजारच्या मुलीला मात्र सरावासाठी वापरू नये. ती येईल तेव्हा दोरी मोठ्या माणसाच्या हातात हवी, आणि मधले अंतर इतके हवे की उडी पोहोचूच नये. लहान मुलांना एवढे शिकवावे : कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहायचे. तो खात असताना किंवा झोपला असताना त्याला हात लावायचा नाही.

एखादी गोष्ट पक्की झाली की प्रत्येक वेळी खाऊ देण्याची गरज राहत नाही. कधी खाऊ, कधी पाठीवर हात, कधी फिरायला जाणे. परंतु मजुरी अजिबात बंद करू नये.

एक इशारा. ज्या कुत्र्याने चावा घेतला आहे, किंवा ज्याचा स्वभाव एकाएकी बदलला आहे, त्याच्यावर घरगुती प्रयोग करू नयेत. त्याला काही दुखत असेल, आजार असेल. आधी पशुवैद्याला दाखवावे. आणि कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर तो टळतो.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने चाळीतील मंडळींकडे आणखी एक महिन्याची मुदत मागावी. मागताना रिकाम्या हाताने जाऊ नये. लसीचे कार्ड सोबत न्यावे, नवा हार्नेस दाखवावा आणि मोती दोरीशिवाय गॅलरीत येणार नाही असे स्वतःहून सांगावे. ज्या मुलीचे कोपर सोलवटले, तिच्या आईवडिलांची आधी घरी जाऊन विचारपूस करावी. लोकांची भीती खोटी नाही, ती मान्य करून बोलले तर लोक ऐकतात.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना कोणते कागद न्यावेत आणि नसबंदीची शस्त्रक्रिया केव्हा करावी, याविषयी पुढील अंकात लिहीन.